घरचा कॅरम

कॅरम बोर्ड दुकानात मिळतो. नांदेडला वजिराबादेत मिळतो, पुण्यात मिळतो, आणि आता तर रात्री अकराला फोनवर बोट ठेवलं की परवा दारात येऊन पडतो. तरीही यंदाच्या उन्हाळ्यात मी एक बोर्ड घरी बनवला. त्यात माझे अकरा वीकएंड गेले, दुकानातल्या चांगल्या बोर्डापेक्षा जास्त पैसे गेले आणि डाव्या अंगठ्याचं नख गेलं. "कशासाठी रे हे?" असं आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं उत्तर मला सप्टेंबरात मिळालं, म्हणून आज हा सगळा पसारा मांडतोय.

आमचं घर विष्णुपुरीत. बाहेरच्या माणसाला विष्णुपुरी म्हटलं की गोदावरीवरचं धरण आठवतं, नाहीतर एसजीजीएस कॉलेज. आमच्या घरात दोन्ही आहेत. माझी डिग्री एसजीजीएसची आणि बाबांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. डंपी लेव्हल तिकाटण्यावर लावायची, समोर एकानं स्टाफ धरून उभं राहायचं आणि कालव्याच्या लेव्हल्स घेत मैलोन्‌मैल चालायचं, यात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली. कालव्याला उतार असतो तो हजारो मीटरला एखादा मीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा अर्थ लागणंच बंद झालं होतं.

याच बाबांचा दुसरा नाद म्हणजे कॅरम. लोडशेडिंगच्या दिवसांत संध्याकाळी लाईट गेली की ओसरीवर कंदील लटकवून डाव मांडला जायचा. शेजारपाजारचे काका लोक यायचे. सगळे दणादण मारायचे, बाबा मात्र कधीच जोरात मारायचे नाहीत. "सोंगटी पॉकेटात सोडायची असते, ठोकायची नसते," हा त्यांचा सिद्धांत. त्यांचा स्ट्रायकर असा हळू निघायचा की वाटायचं, हा पोचतो की नाही! आणि सोंगटी पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन, क्षणभर विचार करून, आत पडायची. समोरच्याचा जीव खालीवर व्हायचा.

तो जुना बोर्ड अडगळीच्या खोलीत गळक्या पत्र्याखाली राहिला आणि एका पावसाळ्यात त्याच्या प्लायचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. मी तोपर्यंत पुण्याला नोकरीला लागलो होतो. नवा बोर्ड कुणी आणला नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सची सुरुवात आहे असं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. बोटं वापरती ठेवा, त्यांना काहीतरी काम द्या, असंही म्हणाले. बाबांनी काही केलं नाही. ओसरीवर बसून हात मांडीखाली दाबून पेपर वाचायचे, एवढंच.

आता मी बोर्ड विकत आणून समोर ठेवला असता तर ते औषध झालं असतं, आणि औषधाशी बाबांचं जमत नाही. पण मी अंगणात लाकूड चुकीचं कापत बसलो, तर ते नक्की बाहेर येणार. ही माझी सगळी स्ट्रॅटेजी :)

सुरुवात अर्थातच मापांपासून केली. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ साली स्थापन झाला. त्यांच्या नियमांत बोर्डाच्या प्रत्येक अवयवाचं माप दिलेलं आहे. खेळायची जागा ७३.५ ते ७४ सेंटिमीटर चौरस, प्लाय किमान ८ मिलिमीटर जाड, पॉकेट ४.४५ सेंटिमीटर, स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर आणि १५ ग्रॅम. बेसलाईन ४७ सेंटिमीटर लांब. मी या सगळ्याचं व्यवस्थित कॅड ड्रॉइंग केलं, प्रिंट काढली आणि आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "साहेब, हे चार पॉइंट पंचेचाळीस काय असतंय? इंचात सांगा."

मी तिथेच फोनवर भागाकार केला आणि गंमत वाटली. ४.४५ म्हणजे पावणेदोन इंच. सोंगटीचा जास्तीत जास्त व्यास ३.१८ म्हणजे सव्वा इंच. चौकटीची रुंदी ६.३५ ते ७.६० म्हणजे अडीच ते तीन इंच. म्हणजे आतला सगळा कारभार इंचातलाच आहे, वरून फक्त सेंटिमीटरचा कोट चढवलाय. जुना कोड तसाच ठेवून वर नवी स्क्रीन लावतात, तसं. मिस्त्रींच्या भाषेत तर ते आणखी सोपं झालं. इंचाचे आठ सूत. स्ट्रायकर एक इंच पाच सूत, पॉकेट एक इंच सहा सूत. मधे फरक फक्त एका सुताचा! आयुष्यभर कॅरम खेळून मला हे माहीत नव्हतं.

चौकटीला सागवान लावायचं माझ्या डोक्यात होतं. मिस्त्री म्हणाले, "सागवान दिसायला ब्येस, पण बाभूळ घ्या. स्ट्रायकर कसा फिरून येतोय बघा." चौकट जितकी कठीण आणि जड, तितका स्ट्रायकर जोरात परत येतो, म्हणून चांगल्या बोर्डांना शिसवासारखं कठीण लाकूड वापरतात. आपल्याकडची बाभूळ त्याच जातकुळीतली. पूर्वी बैलगाड्या आणि औतं उगाच तिची करत नसत. फक्त ओली बाभूळ नंतर तडकते, वाकते. लोहा तालुक्यात मामाच्या गोठ्यात मोडक्या बैलगाडीचं लाकूड कितीतरी वर्षं पडून होतं. ते याहून काय वाळणार! सॉ मिलवर त्याच्या चार पट्ट्या काढून घेतल्या. मिस्त्रींनी मला रंधा मारायला शिकवलं. दुपारपर्यंत माझा भुसा कमी आणि घाम जास्त निघाला होता. "बाभळीला रंधा लागत नसतोय, रंध्याला बाभूळ लागती," मिस्त्री म्हणाले आणि पातं धार लावायला घेतलं.

मग आले कोपरे. चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात ४५ अंशांचे दोन काप, म्हणजे एकूण आठ. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट दिसते. मी अर्ध्या अंशावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पहिली चौकट जुळवल्यावर शेवटच्या कोपऱ्यातून पलीकडची तुळस दिसत होती.

आणि नेमके त्या दिवशी बाबा खुर्ची ओढून अंगणात आले. "काय करायलास रे? आधी कर्ण मोज की." दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकोन काटकोनात. ७४ चौरसाचा कर्ण १०४.६५ सेंटिमीटर. माझे दोन कर्ण नऊ मिलिमीटरनी वेगळे! त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी खुर्ची आपोआप अंगणात यायला लागली. टेपचं एक टोक बाबा धरायचे. पार्किन्सन्सचा हात रिकामा असताना जास्त थरथरतो, कामात असला की थोडा निवतो. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण दिसलं ते टेप धरलेल्या हातात.

प्लाय मात्र पुण्याहून नेली, १२ मिलिमीटरची बर्च. ट्रॅव्हल्सच्या डिकीत ती आडवी राहावी म्हणून ड्रायव्हरशी जी हुज्जत घातली ती वेगळ्या लेखाचा विषय आहे. काच पेपर १२० नंबरपासून सुरू करून ४०० पर्यंत घासला. होल सॉनं पॉकेटं पाडली. (पहिलं भोक वाया गेलेल्या तुकड्यावर पाडून बघावं. मी पाडलं नाही, आणि अंगठ्याचं नख तिथे गेलं.) रेषा आखताना बाबांनी सांगितलं, "मधोमध ठरव आणि तिथून सगळं मोज. कडेपासून मोजत आलास तर प्रत्येक चूक पुढं जाती." मग वरून लॅकरचे चार पातळ हात.

इथे दोन गोष्टी घडल्या, त्या लक्षात ठेवा.

पहिली. बाबा म्हणाले, प्लायच्या खालून आडव्या-उभ्या पट्ट्या मार आणि खालच्या बाजूलाही लॅकर दे. मी म्हणालो, "बाबा, बारा एमएम आहे, नियमात आठ चालते. आणि खालची बाजू कोण बघतंय?" लॅकरचा डबा संपत आला होता, बसची वेळ झाली होती. बाबा काही बोलले नाहीत.

दुसरी. बोर्ड स्टँडवर ठेवून मी फोनमधल्या अॅपनं लेव्हल बघितली. ०.० अंश! मी खूष. बाबा म्हणाले, "आधी लेव्हलची लेव्हल बघ. उलटा करून ठेव." फोन तिथेच अर्धा गोल फिरवला, तर आकडा बदलला. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचं टेंगूळ असतं, त्यामुळे तो सपाट बसतच नाही. मग बाबांनी डंपी लेव्हलची परीक्षा समजावून सांगितली. दोन खुंट्या ठोकायच्या. उपकरण बरोबर मधोमध ठेवून दोन्हींतला फरक घ्यायचा, मग एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा घ्यायचा. फरक तोच आला तर उपकरण खरं. वेगळा आला तर जमिनीला दोष देऊ नये, उपकरण दुरुस्तीला द्यावं. ऐकायला फार छान वाटलं. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटन झालं. नियमांत बोर्डाच्या गुळगुळीतपणाची एक कसोटी आहे. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोरात मारला की तो किमान साडेतीन वेळा बोर्डभर ये-जा करायला हवा. मी जीव खाऊन मारला. चार वेळा फिरला! बाभूळ जिंदाबाद. त्या दिवशी बाबांनी मला दोन डाव हरवलं. राणी घेतली आणि कव्हरही केली, त्यांच्या त्या जुन्या, गोगलगाईच्या चालीनं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी राहिली होती, बराच वेळ.

आणि मग पावसाळा आला.

जुलैत गेलो तेव्हा बाबा हरायला लागले. ऑगस्टमध्ये तर त्यांचं काहीच पडेना. कडेच्या सरळ सोंगट्या, ज्या ते डोळे मिटून घ्यायचे, त्या पॉकेटाच्या अलीकडे वळून चौकटीवर आपटायच्या. माझं मात्र सगळं पडत होतं. एका रविवारी त्यांनी स्ट्रायकर खाली ठेवला, हात मांडीखाली सरकवला आणि म्हणाले, "हात गेला रे आता." मी काय म्हणालो? "होतं असं बाबा, डॉक्टरांना विचारू, गोळ्या बदलून बघू." म्हणजे मी ते मान्य केलं. क्षणभरसुद्धा दुसरं काही मनात आलं नाही. आजार वाढतोच, असं वाचलेलं होतं ना. परतीच्या बसमध्ये मी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी फोनवर टाईप केली. बोर्डावर कापड टाकलं गेलं.

पोळ्याला घरी गेलो होतो. रात्री झोप येईना म्हणून कापड काढून एकटाच खेळत बसलो. बारा वाजून गेलेले, आतल्या खोलीत आई-बाबा झोपलेले. आवाज नको म्हणून अगदी हळू मारत होतो. कडेनं एक पांढरी सोडली. ती सरळ निघाली आणि पॉकेटाच्या वीतभर आधी मधल्या वर्तुळाकडे वळली. पुन्हा मारली. पुन्हा वळली. दुसऱ्या कडेनं मारली. ती पण आतच! मग जोरात मारली. सरळ पॉकेटात.

मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

मग स्टीलची लांब पट्टी बोर्डावर उभी धरली आणि मागून फोनचा टॉर्च लावला. मधोमध प्रकाशाची रेघ. एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं. एक कार्ड सहज गेलं. दोन एकावर एक ठेवून सरकवली, तीही गेली. दीड मिलिमीटरहून जास्त खड्डा! वरची बाजू लॅकरनं बंद, खालची उघडी. पावसाळी हवेतला ओलावा खालून प्लायमध्ये शिरला, खालचा थर फुगला, वरचा तसाच राहिला आणि अख्खा बोर्ड बशीसारखा झाला. आडव्या पट्ट्या असत्या तर त्यांनी धरून ठेवला असता. आणि फोनची लेव्हल? ती मधोमध ठेवली की शून्यच दाखवणार, बशीच्या तळाशी उतार नसतोच. लेव्हलमध्ये असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं, हे मला, इंजिनियरला, रात्री एक वाजता कळलं.

पण खरा धक्का पुढेच होता. मला हे दोन महिने का कळलं नाही? कारण मी जोरात मारतो. वेगात गेलेल्या सोंगटीला उतार जाणवायला वेळच मिळत नाही. हळू गेलेली सोंगटी त्या उतारावर जास्त वेळ असते, म्हणून जास्त वळते. बोर्डाचा दोष फक्त हळू खेळणाऱ्यालाच लागत होता. आणि घरात हळू खेळणारा माणूस एकच. साडेतीन फेऱ्यांची कसोटीसुद्धा पूर्ण जोराची असते, त्यामुळे माझा बोर्ड ती थाटात पास झाला होता.

आपल्या धंद्यात हे रोज घडतं. "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणून आपण तिकीट बंद करतो. आपलं मशीन नवं, नेट फास्ट. तिकडे जुन्या फोनवर, एका काडीच्या रेंजवर कुणीतरी तेच बटण पाच वेळा दाबत असतं आणि स्वतःलाच म्हणत असतं, मला मेलं हे जमतच नाही. मी असली तिकिटं किती बंद केली असतील, देव जाणे. पण इथे तिकीट बाबांचं होतं आणि "युजरची चूक" असा शेरा मी मारला होता. तोही उपकरण न तपासता, दोन खुंट्यांची गोष्ट ऐकून मान डोलावल्यानंतर.

सकाळी बाबांना पट्टी, टॉर्च आणि कार्डं दाखवली. त्यांनी स्वतः एका डोळ्यानं वाकून बघितलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "मग मला सांगायचं नाही का आधी?" मी म्हणालो, "मलाच रात्री कळलं." त्यावर त्यांनी फक्त "हं" केलं, पण खुर्ची उचलून अंगणात नेली. स्वतःच.

दुरुस्तीला दोन वीकएंड लागले. चौकटीचे स्क्रू काढले. प्लाय वेगळी करून घरातच पंख्याखाली, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी उभी ठेवली. उन्हात नाही, उन्हात एका बाजूनं भराभर वाळली की उलटी वाकते. मधल्या आठवड्यात रोज तिची दिशा बदलायचं काम बाबांकडे होतं. ते रोज रात्री फोनवर आकडा सांगायचे, "आज दीड कार्ड." "आज एक." कार्ड हे आमच्या घरात लांबीचं एकक झालं. शेवटी अर्ध्यावर आल्यावर खालून आडव्या-उभ्या बाभळीच्या पट्ट्या बसवल्या आणि खालच्या बाजूला लॅकरचे चार हात दिले. वर जितके, तितकेच खाली. हे चारही हात बाबांनी दिले. ब्रश थरथरत होता, थोडं लॅकर फरशीवर सांडलं, एका कोपऱ्यात ओघळही आला. ती खालची बाजू आता मी कुणालाही आवर्जून उलटी करून दाखवतो.

मग डाव मांडला. आता इथे मी लिहायला हवं की बाबांनी मला हरवलं. तसं झालं नाही. आजार आजार आहे, तो लॅकरनं जात नाही. त्यांचा पहिला शॉट चुकला. त्यांनी सोंगटी कुठून कशी गेली ते नीट बघितलं आणि म्हणाले, "ही माझी." दुसरा शॉटही चुकला. "ही पण माझी." आवाजात वैताग नव्हता. तिसरी सोंगटी कडेनं निघाली, हळू, अगदी हळू, पॉकेटाच्या तोंडाशी थबकली आणि पडली. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पावडरचा डबा पुढे ओढला.

२५ ला ११ असे हरले. मी बॅग भरत होतो तेव्हा दारात येऊन म्हणाले, "पुढच्या शनिवारी यायलास ना? येताना पावडर आण. आणि एक बरी स्पिरिट लेव्हल घेऊन ये, फोनची नको."

आणली. त्यांनी आधी ती उलटी करून तपासली.